मुकी जागा

गेस्टहाउसमधल्या गीझरचं आणि कानवाल्या बाईंचं पहिल्याच सकाळी बिनसलं. अंघोळ संपेपर्यंत नळाला बर्फासारखं पाणी आणि बाई कपडे करून, केस बांधून निघाल्या तेव्हा त्याच नळातून वाफा. खोलीच्या दाराची आणखी निराळी तऱ्हा. ते आधी वर उचलायचं, मग ढकलायचं आणि मग किल्ली फिरवायची. यात जरा मागंपुढं झालं की दार रुसून बसे. खिडकीखाली पाण्याचा पंप रात्रभर घरघरत होता. उशी इतकी पातळ, की डोक्याखाली घेतली काय आणि नुसती आठवली काय, सारखंच.

बाईंनी यातलं काही मनाला लावून घेतलं नाही. निम्मी नोकरी असल्याच खोल्यांमध्ये गेली होती. उठल्यावर कोणाशी बोलायच्या आधी थोडा वेळ डोळे मिटून गप्प बसायचं, एवढा त्यांचा रोजचा नेम. तो पंपाच्या घरघरीतही पार पडला. डोळे उघडतात न उघडतात तोच नवऱ्याचा फोन.

"अगं, साखरेचा डबा कुठे ठेवलायस?"

"लग्न झाल्यापासून जिथे ठेवते तिथेच."

"तिथे मीठ आहे."

"चाखून बघितलंत का?"

"चहात घालून बघितलं."

बाई हसल्या, डावीकडचा डबा, असं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि मशीनची पेटी उचलून कारखान्याच्या गाडीत जाऊन बसल्या.

कामगार आरोग्य खात्यात त्या श्रवण तपासनीस होत्या. हे पद उच्चारता उच्चारता लोकांना धाप लागे, म्हणून जिथे जातील तिथे त्या कानवाल्या बाईच होत. काम सरळ होतं. समोरच्याच्या कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि मशीनची कळ दाबून एकेक बारीक सूर सोडायचा. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. बाईंचे हात दिसू नयेत म्हणून माणसाला पाठ करून बसवायचं. आणि मध्येच, आपल्या मर्जीनं, बाई कळीवरून बोट काढून घेत. सूर नाही, काही नाही, नुसती शांतता. या शांततेला त्या 'मुकी जागा' म्हणत. मुक्या जागेत ज्यानं बटण दाबलं तो एकतर अंदाजपंचे दाबतोय, नाहीतर सोंग करतोय. इतक्या वर्षांत मुक्या जागेनं बाईंना कधी फसवलं नव्हतं. त्यांचाही एक बाणा होता, आपण स्वतः पाहिलेलं नाही त्याखाली सही करायची नाही.

हा कारखाना पत्र्याच्या डब्यांची झाकणं करायचा. प्रेसच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की आवाज कानाच्या आधी छातीत वाजे. प्रत्येक प्रेसवर दोघी. एक पत्र्याची चकती साच्यात ठेवणारी, दुसरी पायडलवर. चकती ठेवणारीनं हात बाहेर काढायचे आणि म्हणायचं, "आता." मग पायडलवालीचा पाय खाली जाई, प्रेस आपटे आणि झाकण बाहेर पडे. पण त्या गदारोळात "आता" ऐकू येणार कोणाला? ते ओठांनीच म्हणायचं आणि डोळ्यांनीच ऐकायचं. सगळा हॉल असाच बोलायचा. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूचं गाऱ्हाणं सांगे, ती तिकडून हात कपाळाला लावून दाद देई, आणि तोंडातून शब्द म्हणून बाहेर पडत नसे.

बाईंना मुद्दाम बोलावलं होतं ते वहिनींसाठी. वहिनी चकत्या ठेवायच्या. फोरमन त्यांचा सख्खा दीर, म्हणून त्या सगळ्या हॉलच्या वहिनी. त्यांचे कान पार गेले होते. अडकलेला प्रेस पुन्हा सुरू करताना घंटा देतात. मागच्या महिन्यात ती घंटा वहिनींना ऐकूच आली नाही. वाकडी बसलेली चकती सरळ करायला त्यांनी हात आत घातला आणि प्रेस खाली आला. हात वाचला. बाहीचा मात्र एक तुकडा कापून निघाला, झाकणासारखा गोल. फोरमननं तो खिशात जपून ठेवला होता. त्यानं तो बाईंच्या हातावर ठेवला.

"बाई, पुढच्या वेळी बाही नसेल," तो म्हणाला. "पॅकिंगमध्ये टाका म्हणून मी किती दिवस घसा कोरडा करतोय. तर म्हणतात, आधी तपासणीचा कागद आणा."

"म्हणणारच," कार्मिक अधिकारी म्हणाले. बोलताना दर वाक्याला मनगट बघायची त्यांना सवय होती, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना घड्याळसाहेब म्हणत. "पॅकिंगमध्ये खुर्ची आहे, पंखा आहे. एकीला तिथे पाठवली की दुसऱ्या दिवशी निम्मा हॉल बहिरा होईल. तुमच्या मशीनला लबाडी कळते असं ऐकलंय."

"कळते," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण मला शांत खोली लागेल. नियमच आहे तसा."

"कारखान्यात शांत खोली?"

"नाहीतर माझा कागद तुम्हीच उद्या फेटाळाल."

हे साहेबांना पटलं, कारण त्यांच्या मनात तेच होतं. मग खोल्या बघण्यात सकाळ गेली. पहिलीला लागून ट्रक उभे राहायचे. दुसरीत मोडक्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या. तिसरी चांगली होती, पण तिची किल्ली ज्याच्याकडे होती तो रजेवर. शेवटी कोणालातरी मागच्या अंगाची थंड खोली आठवली. झाकणाच्या कडेला लावायचा चिकट लेप पूर्वी तिथे गार ठेवायचे. थंडाव्याचं यंत्र कधीचंच काढून नेलं होतं. राहिलं होतं ते फ्रीजसारखं जाडजूड दार आणि चारी भिंतींना ठोकलेला पोलादी पत्रा. एक दिवा, दोन स्टुलं, एक टेबल.

बाईंनी दार ओढून घेतलं. पलीकडचा हॉल कोणी मूठ आवळावी तसा नाहीसा झाला.

त्यांनी आवाज मोजायचं मीटर टेबलावर ठेवलं. काटा सुरुवातीच्या रेघेवर पडून राहिला. मीटर बिघडलं की काय म्हणून त्यांनी टाळी वाजवून बघितली. काटा उडाला आणि लगेच आडवा झाला. टाळी जिथे वाजली तिथेच संपली होती. इतकी छान खोली बाईंना उभ्या नोकरीत मिळाली नव्हती. गीझर, उशी, दार, सगळं त्यांनी मनातल्या मनात माफ करून टाकलं.

वहिनींच्या आधी हॉलमधल्या इतर बायकांना तपासायचं ठरलं, म्हणजे तुलनेला आधार मिळेल. पहिली आली वहिनींच्याच प्रेसची पायडलवाली, ठेंगणी आणि तोंडाळ.

"दुखत नाही ना बाई?"

"कानात फक्त सूर येणार. दुखलं तर मला सांग, मी मशीनला रागावते."

ठेंगणी खुदकन हसली आणि पाठ करून बसली. उंच सूर तिला जरा कमी ऐकू येत होते. प्रेसवर इतकी वर्षं काढल्यावर येणारच. बटण मात्र अगदी वेळच्या वेळी दाबत होती. बाईंनी कळीवरून बोट काढलं. मुकी जागा. खोलीत शांतता मुरत गेली.

ठेंगणीनं बटण दाबलं.

बाईंनी भुवई उंचावली, खूण केली आणि पुढे गेल्या. थोड्या वेळानं पुन्हा मुकी जागा. पुन्हा बटण.

दुसरी आली, तिनं तेच केलं. तिसरीनंही. बाईंच्या मनात आलं, बाहेर ठरवून आल्यात की काय या? पण ठरवणार काय? मुकी जागा कधी घ्यायची ते बाईंनाच आधी ठाऊक नसे. त्यांनी मुद्दाम जागा बदलल्या. सुरुवातीलाच घेतल्या, लागोपाठ घेतल्या, एक तर इतकी ताणली की त्यांचा स्वतःचाच श्वास त्यांना मोठा वाटायला लागला. शांतता जराशी मुरली की पाठमोऱ्या बाईचा अंगठा खाली जायचाच.

चौथीला त्यांनी विचारलं, "हे आत्ता कशाला दाबलंस?"

"तुम्ही म्हणालात ना."

"काय म्हणाले?"

"'आता' म्हणालात. हळूच. कानाशी."

"मी काही बोलले नाही."

ती बाई ओशाळली. "मग भास झाला असेल," म्हणाली आणि जाताना दार हवं त्यापेक्षा जोरात ढकलून गेली.

बाई टेबलाशी बसून विचार करत राहिल्या आणि थोड्याच वेळात त्यांना उत्तर सापडलं. दिवसभर "आता" बघायचं आणि पाय दाबायचा, वर्षानुवर्षं हेच. अंगात तो ताल इतका भिनलेला, की शांतता मिळाली की मन आपणच "आता" म्हणतं आणि हात आपोआप दाबतो. सोंग नाही, सवय. आपल्यालाच हे सुचलं याचं त्यांना थोडं कौतुकही वाटलं. जेवायच्या सुट्टीत त्यांनी फोरमनला तसं सांगितलं. तोही आधी पायडलवरच होता. त्यानं मान डोलावली. "खरं आहे बाई. मी झोपेत पाय आपटतो. बायको उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेली."

दुपारी घड्याळसाहेब डोकावले.

"काय म्हणते तुमची मशीन? किती लबाड सापडले?"

"बसा ना तुम्हीही," बाई म्हणाल्या. "ऑफिसातला एक कान तुलनेला बरा."

साहेबांना आपल्या कानांचा अभिमान होता. ते ऐटीत बसले. कान खरोखरच उत्तम निघाले. पानगळीसारखा बारीक सूरही त्यांनी सोडला नाही. बाईंनी बोट काढलं आणि हात मांडीवर ठेवून घेतले.

साहेबांनी बटण दाबलं.

या माणसानं जन्मात प्रेसला हात लावला नव्हता.

"पुन्हा घ्या बरं," साहेब मागे न वळता म्हणाले.

बाईंनी पुन्हा घेतलं. पुन्हा अंगठा खाली गेला. साहेबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. त्यांच्या मानेवर घाम होता आणि खोली तर गार होती.

"तुम्ही मध्येमध्ये बोलता का बाई?"

"नाही."

साहेबांनी मनगटाकडे बघितलं. "माझी मीटिंग आहे," ते म्हणाले. दारापर्यंत जाऊन थांबले. "खोली बदलून हवी असेल तर..."

"दुसरी शांत खोली आहे?"

साहेब मनगट बघत बाहेर पडले.

त्या संध्याकाळी बाईंनी मशीन उघडून तारन् तार तपासली. हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवून त्या मुक्या जागेत बराच वेळ बसून राहिल्या. काही नाही. रोज सकाळी गप्प बसणाऱ्या बाईला शांततेची ओळख असते. ही साधी, स्वच्छ शांतता होती. मशीन निर्दोष, मीटर निर्दोष, आपले कान निर्दोष. मग दोष राहिला कोणाकडे? उद्या वहिनींचं काम आटपायचं आणि परवाच्या गाडीनं घरी, असं ठरवून त्यांनी पेटी बंद केली. दार आधी उचलून, मग ढकलून, त्या आपल्या हट्टी खोलीत शिरल्या आणि गाढ झोपल्या.

दुसऱ्या दिवशी फोरमन वहिनींना घेऊन आला. वहिनी उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही अशी माणसं बोलतात तशा खणखणीत बोलणाऱ्या.

"बाई, आधीच सांगते! मला काही ऐकू येत नाही! तुम्ही उगीच दमाल!"

"वहिनी, हळू," फोरमन ओठांनी म्हणाला.

"हळूच तर बोलतेय!"

बाईंनी समोर उभं राहून, एकेक शब्द सुटा करत, सगळं समजावून सांगितलं. वहिनींनी ते त्यांच्या ओठांवरून घडाघडा वाचलं. फोरमन बाहेर गेला. दार लागलं. वहिनी पाठ करून बसल्या, भिंतीच्या पत्र्याकडे तोंड करून.

बाईंनी हलक्या सुरापासून सुरुवात केली आणि चढवत चढवत मशीनच्या टोकाला नेलं. कोणीही दचकून उडी मारावी असा तो आवाज. वहिनींची पापणी हलली नाही, मानेची शीर हलली नाही. असलं सोंग माणसाच्या अंगाला जमत नाही. कान गेलेले होते, पुरते गेलेले होते. बाईंना आतून सुटल्यासारखं झालं. आता फक्त रीत म्हणून मुकी जागा घ्यायची, आणि कागद तयार.

त्यांनी बोट काढलं.

शांतता मुरली. वहिनींनी बटण दाबलं.

बाईंनी पाचसहा वेळा घेऊन बघितलं. सूर सोडला की वहिनी दगडासारख्या. सूर थांबला की, जरा वेळानं, बटण.

बाहेर घड्याळसाहेब उभेच होते. त्यांनी कागदावरच्या खुणा बघितल्या.

"म्हणजे आवाज असतो तेव्हा दाबत नाही आणि नसतो तेव्हा दाबते! बाई, याला सोंग नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तुमच्याच नियमात बसतं हे."

बसत होतं. मुक्या जागेत दाबणाऱ्याची तपासणी अविश्वसनीय धरायची, हे बाईंनीच आजवर डझनभर कारखान्यांत लिहून दिलं होतं. तसं लिहिलं की वहिनी उद्या सकाळी पुन्हा प्रेसवर. फोरमन भिंतीला टेकून उभा होता. त्याचा हात खिशात होता, आणि खिशात काय आहे ते बाईंना माहीत होतं.

"मला आणखी थोडा वेळ हवा," बाई म्हणाल्या.

आत येऊन त्या वहिनींच्या समोर बसल्या.

"वहिनी, खरं सांगा. ऐकू येतं का काही?"

"नाही हो!"

"मग बटण का दाबता?"

वहिनींनी त्यांच्याकडे नवलानं बघितलं. "तुम्हीच 'आता' म्हणता ना! या पत्र्यात दिसतं की!"

बाईंनी पत्र्याकडे बघितलं, आणि त्यांना हसूच फुटलं. एवढं साधं! पाठ करून बसवलं खरं, पण समोर चकचकीत पत्रा. आपणच नकळत ओठांनी "आता" म्हणत असणार. इतकी माणसं तपासता तपासता तोंडाला लागलेली खोड. इतर बायकांना आपली कुजबुज ऐकू आली असेल, साहेबांनाही. चूक आपलीच. बाईंना आपली चूक सापडल्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.

"थांबा हं," त्या म्हणाल्या. पिशवीतला मोठा रुमाल काढून त्यांनी नाकातोंडावरून घट्ट बांधला. वहिनींना पुन्हा पाठ करून बसवलं. दात एकमेकांवर दाबून धरले. सूर सोडला. बोट काढलं.

शांतता मुरली.

वहिनींनी बटण दाबलं.

बाईंनी रुमाल खाली ओढला. वहिनींच्या खांद्याला हात लावला. वहिनी वळल्या.

"आता कसं दिसलं तुम्हाला? माझं तोंड तर बांधलेलं होतं."

"तुमचं कुठे! त्या दुसऱ्या बाईंचं!"

बाईंनी रुमाल गळ्यातून सोडवला.

"तुमच्या मदतनीस ना त्या?" वहिनींनी हनुवटीनं पत्र्याकडे खूण केली. "मघापासून उभ्याच आहेत बिचाऱ्या. एक स्टूल तरी द्या की त्यांना!"

पत्रा जुना, पोचे पडलेला होता. बाईंना त्यात वहिनींच्या एप्रनचा तपकिरी डाग दिसला आणि त्यामागे आपल्या कपड्यांचा निळा डाग. निळा डाग जरा रुंद होता. पोचे पडलेल्या पत्र्यात सगळंच रुंद दिसतं. बाईंनी मागे वळून बघितलं नाही.

"त्या आणखी काही म्हणतात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. तेवढंच. तुम्ही बोट काढलंत की जरा थांबतात, मग 'आता'. प्रेसवर काम केलेलं दिसतंय त्यांनी. हात तसेच पुढे धरतात, साच्यात असतात तसे." वहिनींनी आपले हात पुढे करून दाखवले. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "फक्त घाई करतात. हात बाहेर काढायच्या आत म्हणतात. असं करू नये."

बाई उठल्या. आधी मशीन बंद केलं, मग तारा गुंडाळल्या, मग हेडफोन डबीत ठेवले. रोजच्याच क्रमानं. आणि त्याच टेबलाशी बसून, अक्षर जराही न हलू देता, त्यांनी अहवाल लिहिला. दोन्ही कान पूर्णपणे निकामी. मुक्या जागेतले प्रतिसाद ऐकून दिलेले नाहीत, बघून दिलेले आहेत. बसण्याची मांडणी सदोष होती, तो दोष तपासणाऱ्याचा. या कामगाराला प्रेसवरून ताबडतोब हलवावं. त्यांनी तो पुन्हा वाचला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी सही केली.

घड्याळसाहेबांनी कागद उभ्या उभ्या वाचला.

"बघून म्हणजे? कोणाला बघून?"

"पत्र्यात दिसलं तिला."

"पण कोण?"

"साहेब, तुम्हीही त्याच स्टुलावर बसला होतात," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमचे कान शाबूत आहेत. तुमचा कागद मी काय म्हणून लिहू?"

साहेबांनी थंड खोलीच्या दाराकडे एकदा बघितलं. मग खिशातून पेन काढलं आणि मनगट न बघता सही केली.

फोरमननं तो कागद दोन्ही हातांनी घेतला. त्याचे डोळे भरून आले होते. वहिनींनी त्याच्या चेहऱ्यावरूनच काय ते वाचलं आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ओरडल्या, "झालं का! अरे मग रडतोस कशाला!"

हुकूम लगेच अमलात आला. प्रेस रिकामा ठेवून चालत नाही, म्हणून पॅकिंगमधलीच एक तरणी पोर चकत्या ठेवायला आणून बसवली आणि वहिनींची तिच्या जागी रवानगी झाली. बाहेर जायची वाट हॉलच्या कडेनं, काचेच्या लांबलचक भिंतीजवळून होती. बाई पेटी हातात घेऊन, पिशवी खांद्याला लावून निघाल्या. फोरमन आणि वहिनी त्यांना फाटकापर्यंत सोडायला निघाले. काचेपाशी वहिनी रेंगाळल्या. आत सगळ्या प्रेसवरून बायका त्यांच्याकडे बघून ओठ हलवत होत्या, आणि वहिनी ते बाईंना मोठ्यानं वाचून दाखवत होत्या.

"ती म्हणते, सुटलीस! ती कोपऱ्यातली म्हणते, पंख्याखाली जाड होशील! आणि ही भवानी म्हणते..." वहिनी हसता हसता थांबल्या. "हे काय? तुमच्या बाई आत कशा गेल्या?"

बाईंनी बघितलं.

वहिनींच्या जागी बसलेली पोर वाकलेली होती. चकती वाकडी बसली होती, ती सरळ करायला तिची बोटं साच्यात होती. तिचा चेहरा खाली होता. ओठ मिटलेले.

समोर ठेंगणीचा पाय पायडलच्या वर तरंगत होता. ठेंगणी त्या पोरीकडे बघत नव्हती. प्रेसच्या कडेला, जिथे कोणीही उभं नव्हतं, तिथे जरा वर, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, तिची नजर लागलेली होती.

ओरडून उपयोग नव्हता. बाईंनी पेटी टाकली आणि फोरमनचा दंड धरून त्याला गर्रकन वळवलं. त्यानं आत बघितलं. दाराशेजारी हॉलची सगळी वीज तोडणारी लाल कळ होती. त्यानं ती मुठीनं खाली ठोकली.

सगळे प्रेस वरच्या वर थांबले.

पोरीनं दचकून हात बाहेर काढले. बाईंनी काचेतून तिची बोटं बघितली. सगळी होती. फोरमननं श्वास सोडला. बाईंनीही.

मग आवाज विझत गेला. पट्टे थांबले, चाकं थांबली, कुठेतरी एक झाकण घरंगळत जाऊन आडवं पडलं. हॉलमध्ये इतकी शांतता कोणी ऐकली नव्हती. बायका जागच्या जागी बसून होत्या, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. शांतता मुरत गेली.

आणि हॉलमधल्या सगळ्या पायडली एकदम खाली गेल्या.

वीज नव्हती. काही आपटलं नाही. नुसता रिकाम्या लोखंडाचा एक आवाज झाला आणि पाय पायडलींवर तसेच राहिले. शेजारी फोरमनचा बूट फरशीवर दाबलेला होता. त्याचं त्याला भान नव्हतं.

बाईंनी कान देऊन ऐकलं. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पिशवी नीट करावी म्हणून त्यांनी खांद्याकडे बघितलं. पट्ट्यावर त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा होता, नख पांढरं पडेपर्यंत दाबलेला.